हौसाक्कांची काच

ते पत्र लॅबच्या शिपायानं माझ्या मायक्रोस्कोपला टेकवून ठेवलं होतं. निळं आंतर्देशीय, कडेला हळदीचं बोट लागलेलं. पत्ता असा: ‘उकिडवे डाक्टर, काचा बघणारे, मोठा दवाखाना’. आमच्या गावात उकिडवे एकच आणि काचा बघणाराही एकच, त्यामुळे ते बिनचूक पोचलं. अक्षर शाळकरी मुलीचं होतं, मजकूर हौसाबाई खबाले यांचा. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग दार लोटून, खुर्चीत बसून वाचलं, आणि घडी घालून एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. शेवटची ओळ होती, ‘उत्तर टाका, म्हंजी पोचलं आसं कळंल.’

मी उत्तर टाकलं नाही. त्याला आता एकोणीस वर्षं होतील.

मी पॅथॉलॉजिस्ट. पेशंटची थुंकी, पाणी, मांसाचे तुकडे माझ्याकडे बाटल्यांतून येतात. पेशंट येत नाही. मला ते फार बरं वाटायचं. कॉलेजात लेखी परीक्षेत मी पहिला यायचो आणि तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसायची. तेव्हा एका मास्तरांनी सांगितलं, उकिडवे, तुम्ही काचांकडे जा, त्या उलटून प्रश्न विचारत नाहीत. मी गेलो. कृष्णाकाठच्या या गावात ट्रस्टचं साठ खाटांचं हॉस्पिटल, त्याच्या मागच्या अंगाला माझी लॅब, लॅबमध्ये एक कपाट पुस्तकांचं. सव्वीस वर्षं मी तिथं काढली.

हॉस्पिटल म्हणजे इनामदार सर. सहा फूट उंच, आवाज वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. बायाबापड्यांना नावानं हाक मारायचे, त्यांच्या पोरांची लग्नं कुठं ठरली ते त्यांना ठाऊक असायचं. एक्स-रे खिडकीकडे धरून ते ‘टीबी’ म्हणाले की तो टीबी. आणि शंभरांत नव्वद वेळा तो टीबीच निघायचा. आमच्या भागात फुप्फुसावरचा डाग म्हणजे क्षय, हे डॉक्टरांपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं. उरलेल्या दहांचा हिशोब कुणी मांडत नसे.

हौसाक्कांच्या एक्स-रेवर उजव्या बाजूला वर असाच एक डाग होता. एस. टी. स्टँडसमोर त्यांची खानावळ होती. तीस वर्षं चिपाडं आणि काटक्या घालून चूल फुंकलेली बाई. तंबाखू, मिश्री कशालाच कधी हात लावला नव्हता. खोकला जाईना, अंग वाळत चाललं, म्हणून सरांकडे आल्या. सरांनी एक्स-रे पाहिला, क्षयाच्या गोळ्या चालू केल्या आणि म्हणाले, हौसे, सहा महिन्यांनी परत पहिल्यासारखी भाकरी थापशील.

भाकरी त्याच आठवड्यात बंद झाली. क्षयवालीच्या हातचं कोण खाणार? खानावळीला कुलूप लागलं. घरात कुणी काही बोललं नाही, पण हौसाक्कांनी आपणच आपलं ताट, वाटी, तांब्या मागच्या पडवीत नेऊन ठेवला. जेवण वरून वाढायचं. नात चार हात लांब. हे सगळं मला दस्तगीरभाईंकडून कळलं. दस्तगीर मुल्ला आमच्याकडचे क्षयाचे आरोग्यसेवक. आठवड्यातून तीनदा लुनावरून प्रत्येक पेशंटच्या दारात जायचं, आपल्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळवायच्या आणि वहीत खूण करायची, हे त्यांचं काम. थुंकीच्या डब्या घेऊन ते माझ्याकडे यायचे आणि डबी ठेवता ठेवता घरोघरच्या हकिकती सांगायचे. मी नुसता हुं हुं करायचो. ते माझ्याशी इतके बोलायचे, याचं मला आजही नवल वाटतं.

उपचार सुरू होऊन सव्वातीन महिने झाले तेव्हा हौसाक्कांची एक डबी अशीच माझ्याकडे आली. मी स्लाइड केल्या, पाहिल्या, रिपोर्ट लिहिला: क्षयाचे जंतू नाहीत, काही पेशी बदललेल्या, बहुधा दाहामुळे. सरांनी त्यावर सही केली आणि गोळ्या पुढे चालू राहिल्या.

त्याच सुमाराला डॉ. नलिनी हिरेमठ आमच्याकडे आल्या. मूळच्या निपाणीकडच्या, छातीच्या विकारांच्या डॉक्टर, मुंबईत एका मोठ्या कॅन्सरच्या इस्पितळात पाच वर्षं काढलेल्या. बुटक्या, भराभर चालणाऱ्या. बोलताना समोरच्याच्या टेबलावरच्या वस्तू नीट लावून ठेवायची त्यांना सवय होती. एके दिवशी डॉक्टरांच्या खोलीत चहाच्या वेळी त्यांनी विषय काढला. मोठ्या ठिकाणी फुप्फुसाच्या कॅन्सरची शंका असली की छातीचा डॉक्टर, सर्जन, एक्स-रेवाला, स्लाइड बघणारा, किरणांचे उपचार करणारा, सगळे एका टेबलाशी बसतात आणि त्या एका माणसाचं काय करायचं ते मिळून ठरवतात. नाहीतर पेशंट पाच दारं फिरतो आणि पाचव्या दाराशी पोचेस्तोवर उशीर झालेला असतो. आपल्याकडे हे सुरू करायचं.

इनामदार सरांनी विचारलं, यातलं आपल्याकडे काय काय आहे? सर्जन आठवड्यातून एकदा येतो. सीटी स्कॅन जिल्ह्याच्या गावी. किरणांचं मशीन साठ किलोमीटरवर. बाई म्हणाल्या, हो, यातलं निम्मं नाही. सर म्हणाले, टेबल मात्र आहे. सगळे हसले, बाईसुद्धा, आणि बैठक ठरली.

पुढचे पंधरा दिवस मी त्यांना त्या पुस्तकातल्या पद्धतीची आमच्या मापानं काटछाट करताना पाहत होतो. मला ते फार आवडलं. शिंपी मोठ्याचा सदरा लहानाला बसता करतो, तसं ते काम होतं. बैठक गुरुवारी ठेवली, कारण गुरुवार बाजाराचा. खेड्यातली माणसं गावात येतातच, वेगळी खेप नको. शिवाय कोल्हापूरहून डॉ. घाटगे सर्जन हर्निया-पित्ताशयांसाठी गुरुवारीच यायचे. किरणांच्या डॉक्टरांना फोन लावायचा आणि फोन टेबलाच्या मधोमध ठेवायचा. पेशंटचे सगळे कागद हॉस्पिटलात ठेवायचे नाहीत, एका बाजाराच्या पिशवीत घालून त्याच्याच हातात द्यायचे. आमच्याकडे कागद हरवतो, बाई म्हणाल्या, बाजाराची पिशवी कुणी हरवत नाही. दस्तगीरभाईंनाही टेबलाशी खुर्ची. ते ऐकून दस्तगीरभाई दोन दिवस मला विचारत होते, काय चुकलं असंल वो माझं?

शेवटचा नियम त्यांनी बैठक सुरू होताना सांगितला.

“पुस्तकात लिहिलंय, सगळ्यांनी बरोबरीनं बोलायचं. इथं सर एकदा बोलले की विषय संपतो. रागावू नका सर, पण मी महिनाभर बघतेय. म्हणून आपल्याकडे पदानं जो सगळ्यात खाली तो आधी बोलेल. सर शेवटी.”

“म्हणजे तुम्ही माझं तोंड बांधून ठेवणार,” सर म्हणाले.

“तासभर फक्त.”

“चाळीस वर्षांत आमच्या हिला जमलं नाही ते.” पण त्यांनी खरोखरच ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची मागं सरकवून बसले.

खालून मोजलं तर पहिले दस्तगीरभाई आणि दुसरा मी. तसा मी वयानं आणि नोकरीनं बाईंच्या वरचा, पण त्यांनी यादीत मला दुसरं घातलं होतं. मला त्याचा रागही आला नाही. हात मात्र कोटाच्या खिशात गेला.

पहिले दोन पेशंट पटकन झाले. तिसरं नाव हौसाबाई खबाले. सरांची मान वर झाली. हे नाव कुणी घातलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. तिचा तर कोर्स संपत आला होता. पण तोंड बांधलेलं. नाव दस्तगीरभाईंनी घातलं होतं. ते उभे राहिले आणि बाईंनी बसून बोला म्हटलं तरी बसले नाहीत.

“पाच म्हयनं झालं, साहेब. एक गोळी चुकल्याली न्हाई, माझ्याम्होरं गिळल्यात्या. क्षयाचं माणूस दीड-दोन म्हयन्यात भाकरी मागाय लागतंय. ही बाई तीस वर्सं गावाला जेवू घालतीया आन् हिला अर्धी भाकर जाईना. वजन आनखी चार किलोनं उतारलंय. मला डाक्टरी कळत न्हाई. पर साडेतीनशे क्षयवाली मी दारात जाऊन बघितल्यात. ह्यो क्षय न्हवं.”

ते बसले आणि रुमालानं मान पुसू लागले. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. सर छताच्या पंख्याकडे बघत होते.

“उकिडवे सर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही.”

माझा हात कोटाच्या खिशात होता आणि खिशात स्लाइडची छोटी पेटी. मी उभा राहिलो की बसूनच बोललो, ते आठवत नाही. आवाज मात्र आठवतो. तो दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता.

“सात आठवड्यांपूर्वी यांची थुंकी आली होती. बदललेल्या पेशी, बहुधा दाहामुळे, असं तेव्हा मी लिहिलं होतं. काल... काल जुनी स्लाइड पुन्हा काढून पाहिली. त्या दाहाच्या नाहीत.”

“मग कसल्या आहेत?”

“कॅन्सरच्या.”

सगळे उठून माझ्या लॅबमध्ये आले. इतकी माणसं तिथं कधी मावली नव्हती. आधी बाईंनी पाहिलं, मग घाटग्यांनी. शेवटी इनामदार सर वाकले. उंच माणसाला मायक्रोस्कोपशी बसायचं म्हणजे पाठीची घडी करावी लागते. ते बराच वेळ तसेच होते. मग डोळा न काढताच म्हणाले, “आता मी बोललो तर चालेल का?”

आणि आमच्याशी काहीच न बोलता ते बाहेर गेले. बाहेर बाकावर हौसाक्का बसल्या होत्या. काळी, हाडकलेली बाई, पदर तोंडावर धरलेला. बाकाच्या अगदी टोकाला, शेजारी कुणी बसू नये अशा बेतानं. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही सगळे दारात थांबलो. सर त्यांच्या शेजारी, अगदी लागून बसले.

“हौसे, माझी चूक झाली,” सर म्हणाले. नेहमीच्याच आवाजात, म्हणजे अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल अशा. “तुला क्षय नाही. पाच महिने मी तुला नको ती औषधं चारली.”

हौसाक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. “मंग काय हाय?”

“फुप्फुसात गाठ आहे. कॅन्सरची गाठ.”

त्यांनी तोंडावरचा पदर आणखी घट्ट धरला. रडतील असं मला वाटलं.

“ती ताटा-वाटीतनं दुसऱ्याला लागती का?”

“नाही.”

“पोर मांडीवर घेटलं तर?”

“नाही गं. कधीच नाही.”

हौसाक्कांनी तोंडावरचा पदर काढला. “मंग आदी सांगायचं की वो डाक्टर,” त्या म्हणाल्या. “पाच म्हयनं नातीला शिवले न्हाई मी.”

 सरांनी मागं वळून मला हाक मारली. मी गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात जड होता. “ह्यांना नमस्कार कर,” ते म्हणाले. “जुनी काच परत काढून बघणारा माणूस आहे हा. मी असतो तर कधीच फेकून दिली असती.” हौसाक्का उठल्या, त्यांनी वाकून हात जोडले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो. सव्वाबारा झाले होते.

त्यानंतर सगळं वेगानं झालं. सोमवारी सीटी स्कॅन, आणि पुढच्या गुरुवारी तो टेबलावर. घाटगे काचेवर लावलेल्या फिल्मसमोर बोट फिरवत होते. गाठ दीडेक इंचाची, कडेला. “मला ती काढता येईल,” ते म्हणाले. “पण अजून महिना गेला असता तर मी हात लावला नसता. पुढच्या महिन्यात नको, पुढच्या आठवड्यात करू.” ऑपरेशन कोल्हापूरला झालं. फुप्फुसाचा कापलेला भाग आणि आजूबाजूच्या ग्रंथी फॉर्मेलिनच्या बरणीत घालून दस्तगीरभाईंनी एस. टी.नं माझ्याकडे आणल्या. बरणी कुठं लवंडू नये म्हणून ते दोन तास ती मांडीवर धरून बसले होते. कंडक्टरनं विचारलं, लोणचं का? ते म्हणाले, व्हय, पर इकायचं न्हाई.

ग्रंथी नऊ होत्या. रोग ग्रंथीपर्यंत गेला आहे की नाही, यावर हौसाक्कांचं पुढलं सगळं अवलंबून होतं. मी एकेक ग्रंथी कापली, एकेकीच्या स्लाइड केल्या. सलग आठ स्वच्छ निघाल्या. नववीच्या कडेला एक ठिपका होता. पेन्सिलीच्या टोकाएवढा. तो मी इतक्या वेळा पाहिला की डोळे मिटले तरी दिसायचा.

त्या ठिपक्यामुळे केमोथेरपी द्यावी लागली. किरणांच्या डॉक्टरांनी फोनवरून औषधं आणि मात्रा सांगितल्या, बाईंनी आमच्याच वॉर्डात चार वेळा सलाइनमधून ती दिली. कोल्हापूरला किंवा पुण्याला पाठवलं असतं तर हौसाक्का दुसऱ्या वेळेपासून गेल्याच नसत्या, हे त्या स्वतःच सांगायच्या. तिसऱ्या वेळी मी वॉर्डाच्या दारातून त्यांना पाहिलं. डोक्यावरचे केस गेलेले, डोईवरून पदर घट्ट बांधलेला, आणि पायथ्याशी नात बसून पाढे म्हणत होती. हौसाक्का मला बघून हसल्या. मी काहीतरी विसरल्यासारखं करून परत फिरलो.

पत्र त्यानंतर वर्षानं आलं. त्यातला मजकूर आता सांगतो.

‘उकिडवे डाक्टरास्नी हौसाबाईचा नमस्कार. डाक्टरीणबाई म्हणल्या तुमी लाजाळू हाय, म्हणून भेटाय न येता पत्र टाकते. केस परत आलं, आदीपेक्षा दाट. खानावळ चालू केली, गिऱ्हाईक आलं. गॅस घेटला, चूल बंद केली, डाक्टरीणबाईंनी शपथ घातली हाय. नात मला खेटूनच हे लिवतीया म्हणून आक्षर वाकडं. तुमी माझ्यासारख्या बाईची जुनी काच परत काढून बगितली. कोण बगतंय वो दुसऱ्याची जुनी काच. येक इचारायचं हुतं. त्या काचंत तुमास्नी आदी का दिसलं न्हाई, आन् मंग कसं दिसलं? सहज इचारते. उत्तर टाका, म्हंजी पोचलं आसं कळंल.’

सहज विचारते. आणि याच प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं.

मी ती स्लाइड पुन्हा काढून पाहिली नव्हती, कारण ती मी कधी आत ठेवलीच नव्हती. डबी आली त्याच दिवशी दुपारी मला त्या पेशी दिसल्या होत्या. एका झुबक्यात पंधरा-वीस. मोठी, काळी, वेडीवाकडी केंद्रं. मी कपाटातलं चित्रांचं पुस्तक काढलं, पान उघडलं आणि एक डोळा पुस्तकावर, एक डोळा मायक्रोस्कोपवर असा तासभर बसलो. पुस्तकातलं चित्र आणि समोरची काच यांत काही फरक नव्हता. चार वाजता मला कळलं होतं. साडेचार वाजता मी ‘बहुधा दाहामुळे’ असं लिहिलं.

सरांनी टीबी म्हटलं होतं. मी चुकलो तर सगळा वॉर्ड हसेल, आणि बरोबर ठरलो तर सरांची मान खाली जाईल; दोन्ही मला नको होतं. तेवढंच कारण. दुसरं काही असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं. सात आठवडे मी रोज सकाळी पहिलं काम म्हणून ती स्लाइड बघायचो, रात्रीत तिच्यात काही बदल झाला असेल अशा आशेनं. दोनदा मी सरांच्या खोलीपर्यंत गेलो. एकदा ते चहा पीत होते. एकदा कुणाशी तरी हसत बोलत होते. मी परत आलो. त्या गुरुवारी पेटी खिशात घेऊन गेलो खरा, पण दस्तगीरभाई आधी बोलले नसते तर मी तोंड उघडलं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही. आणि उघडलं तेव्हाही पहिल्या दोन वाक्यांनंतरचं तिसरं वाक्य खोटं होतं. ‘काल.’ तेवढा एकच शब्द.

सरांची चूक अख्ख्या ओसरीनं ऐकली. माझी चूक माझा गुण होऊन बसली. सर वारले तेव्हा त्यांच्या शोकसभेतसुद्धा कुणीतरी म्हणालं की त्यांची माणसांची पारख अशी, की उकिडव्यांसारखा माणूस त्यांनी हेरून ठेवला.

नवव्या ग्रंथीतला ठिपका त्या सात आठवड्यांत पडला की आधीचाच होता, हे कुठल्याही पुस्तकात नाही. मी शोधलं आहे.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलातून फोन आला. गुरुवारच्या बैठकीला वीस वर्षं झाली होती. शेजारच्या तीन तालुक्यांतले डॉक्टर ती पद्धत बघायला येणार होते. मी जायचं टाळत होतो, पण हिरेमठ बाईंनी स्वतः गाडी पाठवली. त्यांचे केस पांढरे झालेत, टेबलावरच्या वस्तू अजून लावून ठेवतात. तिथं माझी गोष्ट सांगितली गेली. आता ती धड्यासारखी सांगतात: शंका आली की जुनी काच पुन्हा काढा, उकिडवे सरांसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चष्मा पुसत बसलो.

नंतर माझ्या जागेवर आलेली सानिका येडेकर नावाची तरुण डॉक्टर जवळ आली. सडसडीत, हळू बोलणारी. इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, “सर, एक विचारू का? पहिल्यांदा पाहिली तेव्हा कसं दिसलं नाही तुम्हाला? मी ती स्लाइड पाहिलीय. इतकं स्पष्ट आहे. माझ्याकडूनही असं निसटेल अशी मला रोज भीती वाटते.”

ती मुलगी माझ्यामुळे आपल्या डोळ्यांवर संशय घ्यायला लागली होती. मी तिला म्हणालो, “तुमचे डोळे चांगले आहेत. आणि माझेही तेव्हा चांगलेच होते.” तिला ते कळलं नाही. मी तिथूनच तडक हिरेमठ बाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. वीस वर्षांत न काढलेला विषय चार वाक्यांत संपला.

बाई बराच वेळ टाचण्यांची डबी इकडची तिकडे करत होत्या.

“सात आठवडे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मला वाईट वाटलं नाही असं सांगणार नाही, उकिडवे सर.” मग थोड्या वेळानं, “पण तो नियम मी कुणासाठी केला होता असं वाटतं तुम्हाला? घाटग्यांसाठी? धीट माणसाला नियम लागत नाही. कॉरिडॉरमध्ये तुम्हाला येता-जाताना बघायची मी. सरांच्या दाराशी येऊन परत जायचात. काय आहे ते कळत नव्हतं, पण काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही एवढं कळत होतं. म्हणून यादीत तुम्हाला दुसरं घातलं.”

मी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी पाण्याचा पेला पुढं केला.

“सानिकाला मी सांगते,” त्या म्हणाल्या. “धडा बदलून सांगू आपण. खरा धडा जास्त उपयोगी आहे. पण हौसाक्कांना तुम्हीच सांगायचं. परवाच वर्षाची तपासणी करून गेल्या. त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्यात. खानावळ सून बघते, पण आमटीची चव स्वतः घेतल्याशिवाय पातेलं खाली उतरू देत नाहीत. सगळं खणखणीत ऐकू येतं, वाचून मात्र नात दाखवते.”

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या कागदावर ‘त्या वेळची परिस्थिती लक्षात घेता’ असं लिहिलं आणि फाडला. दुसऱ्यावर क्षय आणि कॅन्सर यांत घोटाळा का होतो, याची दोन पानं झाली, तीही फाडली. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी जे उतरलं ते एका पानात मावलं.

‘हौसाक्का, नमस्कार. तुमचं पत्र पोचलं होतं. तुम्ही विचारलं होतं, काचेत आधी का दिसलं नाही. आधी दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सरांना सांगायची मला भीती वाटली म्हणून मी सात आठवडे गप्प राहिलो. काल पुन्हा पाहिली, असं बैठकीत सांगितलं ते खोटं होतं. ते सात आठवडे तुमचं ताट पडवीत राहिलं आणि नात तुमच्यापासून लांब राहिली, ते माझ्यामुळे. पुढं केमोथेरपी लागली, तीही कदाचित माझ्यामुळे. हे मला नक्की कळू शकत नाही, पण तुम्हाला ठाऊक असावं. नमस्कार मला नाही, दस्तगीरभाईंना करायला हवा होता. इतक्या उशिरा लिहितो आहे याची लाज वाटते. आपला, शरद उकिडवे.’

‘कदाचित’ हा शब्द खोडून टाकावा असं मला दोनदा वाटलं. पण त्या जागी तोच शब्द खरा होता, म्हणून राहू दिला.

पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि पोस्टापर्यंत चालत गेलो. पेटीपाशी पोचलो तेव्हा पोस्टमन तिचं दार उघडून पत्रं पिशवीत भरत होता. चारच पत्रं होती. मी पाकीट धरून बाजूला उभा राहिलो. त्यानं पेटी बंद केली, कुलूप ओढून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“द्या की इकडं, काका,” त्यानं पिशवीचं तोंड माझ्यापुढं उघडून धरलं. “का अजून विचार चाललाय?”

“नाही,” मी म्हणालो, आणि पाकीट पिशवीत टाकलं.